सोळा वेळा नाव

पतसंस्थेचं मुख्य कार्यालय, द्वारकेजवळ,
तिसरा मजला, रात्रीचे पावणेदोन.
बाहेर नऊ अंश, सर्व्हरच्या खोलीत अठरा,
म्हणून मी आतच बसते, शाल घेऊन.

एकशे बासष्ट संगणक, तेवीस शाखा.
सगळ्यांवर नवी आवृत्ती चढवायची
माणसं झोपेत असताना,
सकाळी खुर्चीत बसल्यावर
कुणाला काही घडल्यासारखं वाटू नये अशी.
माझं काम नीट झालं याचा पुरावा एकच:
कुणाचा फोन आला नाही.

आधी पाच.
ही पाच घरचीच, हिशेब विभागातली,
रुसली तर माझ्यावरच रुसतील.
मग पंचवटी, सातपूर, देवळाली.
मग सिन्नर, मनमाड, येवला.
येवल्याला एकदा पहाटे तीनऐवजी
दुपारी तीनची वेळ पडली माझ्या हातून,
आणि ठेवीचं पत्र अर्धं टाइप केलेले बागूल अण्णा
अजून मला 'रीस्टार्टवाल्या बाई' म्हणतात.
तेव्हापासून मी चोवीस तासांचंच घड्याळ लावते.
घरीसुद्धा.

दोन वाजून दहा.
बंद मशीनला जागं करणारं पाकीट निघतं.
फार लहान असतं ते.
आत निरोप नाही, हुकूम नाही,
सुरुवातीला थोडं खाकरणं,
मग त्या एकाच मशीनची ओळख,
सोळा वेळा, ओळीने.
तेवढ्यावर ते उठतं.
शाळेसाठी आई मला उठवायची
साधारण तितक्याच हाकांत,
पण तिचा आवाज सहाव्या हाकेला बदलायचा.

पडद्यावर एकेक ठिपका हिरवा होतो.
निफाडचे सहाही आले.
निफाडचे बोरस्ते साहेब या वेळी जागेच असणार,
पारा चारावर उतरला म्हणून
द्राक्षांच्या ओळींतून शेकोट्या पेटवत.
त्यांचंही वेळापत्रक आहे,
फक्त त्यात 'पुन्हा प्रयत्न करा' नाही.

एकशे एकसष्ट.
सुरगाण्याला एकच मशीन. उत्तर नाही.
पुन्हा पाठवलं.
पुन्हा.
चौथ्या खेपेला मी तो पत्ता मोठ्याने वाचला,
पंख्यांच्या घरघरीत,
जणू तिथवर ऐकू जाणार होतं.

साडेदहाला हेमलता गावितांना फोन लावला,
जरा चढ्या आवाजात.
"मी नुसतं बंद नाही करत, मॅडम," त्या म्हणाल्या,
"पिनच काढते भिंतीतून. नेटची वायर पण.
गेल्या मृगात वीज पडली, जुनं मशीन जळालं.
नवं यायला अडीच महिने.
तोवर गटाच्या बाया डोंगर उतरून पैसे भरायला यायच्या,
मी वहीत लिहायचे,
आणि त्या वहीकडे बघत उभ्या राहायच्या.
छापील पावती नाही ना."
"पण आता तर थंडी आहे."
"हो. पण हात जातोच तिकडे.
कुलूप लावल्यासारखं."

अपवाद करायचे नाहीत, असा नियम आहे.
नियम मीच लिहिलाय, दोन पानी, सहीशिक्क्यासह.
यादीत नवा गट उघडला.
गटात मशीन एक.
वेळ: १३:३०.

१३:३४ ला त्यांचाच फोन.
"पट्टी सरकायला लागली, मॅडम.
मी डबा उघडलाय. नागलीची भाकरी आहे.
बावीस टक्के."
ठिपका मला इथूनही दिसत होता,
तरी मी 'हं' म्हणत राहिले.
"चाळीस.
आता थांबलंय. थांबतं का असं?"
"थांबतं. जेवा तुम्ही."
"एक्क्याण्णव. हात धुऊन येते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज.
लांब कुठेतरी नळ.
खुर्ची ओढली.

"झालं, मॅडम," त्या म्हणाल्या.
"नाव विचारतंय."